दिवस भरण्याआधी

२०१६च्या मार्चपासून २०१८च्या जूनपर्यंत सहा देशांतल्या जवळपास १२ हजार पहिलटकरणींची नावं एका चाचणीत नोंदवली गेली. प्रत्येकीने रोज एक बारीक गोळी घ्यायची होती. निम्म्या जणींच्या गोळीत ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन होतं, उरलेल्यांच्या गोळीत औषधच नव्हतं, आणि कोणाला कोणती गोळी मिळते आहे हे ना त्यांना माहीत होतं, ना देणाऱ्यांना. काँगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत हे ते सहा देश. भारतातली केंद्रं दोन, एक बेळगाव आणि दुसरं नागपूर. गोळी सहाव्या ते तेराव्या आठवड्यात सुरू करायची आणि सदतिसावा आठवडा लागेपर्यंत घेत राहायची. २०२०च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. बिनऔषधाच्या गटात दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्यांचं प्रमाण १३.१ टक्के होतं, अ‍ॅस्पिरिनच्या गटात ११.६ टक्के. ३४ आठवड्यांच्याही आधी, म्हणजे खऱ्या अर्थाने धोक्याच्या काळात झालेली बाळंतपणं ४ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आली.

दीड टक्क्याचं काय एवढं, असं वाटेल. पण २०२० या एका वर्षात भारतात ३० लाखांहून जास्त बाळं ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मली. जगभरात त्या वर्षी अशी १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. म्हणजे दर पाचांत एकाहून जास्त बाळ आपल्या देशातलं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंची कारणं मोजली तर जगात पहिला क्रमांक या अपुऱ्या दिवसांच्या जन्मातून येणाऱ्या गुंतागुंतीचा लागतो. गोळी काही पैशांची. दीड टक्का इथे भरपूर होतो.

मला मात्र आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल होतं. डोकेदुखीवर शंभर वर्षं वापरलेली, हृदयविकाराच्या माणसाला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी ही गोळी बाळंतपण लांबवते कशी? याचं पुरतं उत्तर अजून कोणाजवळ नाही. जेवढं आहे ते वारेतून आणि आईच्या प्रतिकारयंत्रणेतून जातं, आणि तिथे पोचायचं तर १९५३ सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांवर त्वचारोपण करताना दुसऱ्याची त्वचा शरीर का झिडकारतं, याचा त्याने मुळापासून अभ्यास केला होता. भावाची त्वचासुद्धा काही दिवसांत गळून पडते. मग निम्मा बापाचा असलेला गर्भ आईचं शरीर नऊ महिने कसं काय सांभाळतं? मेडावरने तीन शक्यता मांडल्या. आई आणि गर्भ यांच्यात भिंत असावी. किंवा गर्भ इतका कच्चा असावा की त्याची ओळखच पटत नसावी. किंवा आईची प्रतिकारयंत्रणा त्या काळात सुस्तावत असावी. १९६०चं नोबेल त्याला मिळालं ते प्रतिकारयंत्रणेच्या सहनशीलतेवरच्या कामासाठी. पण गर्भारपणाबद्दलची त्याची तिन्ही उत्तरं पुढे अपुरी ठरली. प्रश्न मात्र इतका नेमका होता की सत्तर वर्षं लोक त्याच्याच मागे आहेत.

भिंतीचं आधी पाहू. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही हे खरं, पण दोघांच्या पेशी मात्र इकडून तिकडे जातात. डायना बियांची या अमेरिकन संशोधिकेच्या गटाला १९९६ साली एका बाईच्या रक्तात पुरुषाच्या पेशी सापडल्या. तिला मुलगा होऊन २७ वर्षं झाली होती. बाळाच्या पेशी आईच्या अंगात अशा बिऱ्हाड करून राहतात आणि तिची प्रतिकारयंत्रणा त्यांना हुसकावत नाही.

गर्भ कच्चा म्हणून ओळखू येत नाही, हेही खरं नाही. आईच्या शरीराला तो चांगला ओळखू येतो. फरक पडतो तो वारेमुळे. वार आईची नाही, बाळाची आहे. गर्भाच्याच पेशींतून ती तयार होते. तिचे बारीक झुपकेदार तंतू थेट आईच्या रक्तात लोंबत असतात. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखपत्रासारखे जे रेणू असतात, ते या तंतूंच्या बाहेरच्या थरावर नसतातच. गर्भाशयाच्या अस्तरात खोल शिरणाऱ्या वारेच्या पेशींवर असतात, पण निवडक. त्यातला एचएलए-जी नावाचा रेणू बाकी शरीरात क्वचितच दिसतो. आईच्या पेशींना हात आखडता घ्यायला लावणं हे त्याचं काम.

आणि आता ती तिसरी शक्यता, सुस्तावलेली आई. गर्भारपणात बाईची प्रतिकारशक्ती कमी होते, हे वाक्य डॉक्टरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे बोलतात. पुस्तकांतही आहे. ते निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं असल्यामुळेच इतकं टिकलं आहे. पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरात पाहिलं तर तिथे प्रतिकारपेशींची नुसती गर्दी असते. तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी ‘नॅचरल किलर’ म्हणजे एनके जातीच्या. रक्तातल्या एनके पेशी विषाणूने धरलेल्या पेशींना, कर्करोगाच्या पेशींना मारतात. गर्भाशयातल्या त्यांच्या या बहिणी मारत नाहीत, बांधकाम करतात. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांनी हयात या पेशींमागे घालवली, म्हणून आज हे आपल्याला ठाऊक आहे.

हे बांधकाम जरा जवळून पाहण्यासारखं आहे. गर्भाशयाच्या भिंतीत मळसूत्रासारख्या पिळदार, अरुंद धमन्या असतात. त्यांच्या भोवती स्नायूचं वेटोळं असतं, त्यामुळे त्या आवळतात आणि सैल होतात. महिन्याच्या पाळीला हे सोयीचं आहे. वाढत्या बाळाला नाही. वारेच्या पेशी आणि आईच्या एनके पेशी मिळून हे स्नायू विरघळवतात, धमनीचं तोंड कित्येक पटींनी रुंद करतात. उसाच्या फडाला पाणी देताना शेतकरी पाटाचं तोंड फोडून रुंद करतो, म्हणजे पाणी जोराने येऊन माती वाहून नेत नाही आणि कमीही पडत नाही, तसा रक्ताचा संथ, भरपूर प्रवाह वारेकडे सुरू होतो. हे काम विसाव्या आठवड्याच्या आसपास उरकतं. ते अर्धवट राहिलं तर त्या वेळी कोणाला काही कळत नाही. कळतं ते पुढे सातव्या-आठव्या महिन्यात: बीपी वाढतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, चेहऱ्यावर सूज येते, बाळाची वाढ खुंटते, आणि आईला झटके येण्याआधी बाळ बाहेर काढण्यावाचून डॉक्टरांपुढे दुसरा रस्ता उरत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत अशी मुद्दाम लवकर काढावी लागलेली बाळं बरीच असतात. मॉफेट यांच्या गटाने दाखवलं, की आईच्या एनके पेशींवरचा एक जनुकीय प्रकार आणि बापाकडून बाळात आलेला एक रेणू यांची विशिष्ट जोडी जमली की हा धोका वाढतो. म्हणजे दोघं धडधाकट, पण जोडी अडचणीची. एवढं होऊनही सासू सुनेलाच बोल लावणार, ते वेगळं.

अ‍ॅस्पिरिन तेराव्या आठवड्याच्या आत सुरू करण्यामागे हाच विचार आहे. वारेकडचं रक्त सुरळीत राहावं आणि तिथला दाह आटोक्यात राहावा, असा कयास. उशिरा सुरू केली तर तिचा फारसा उपयोग नाही, कारण तोवर पाट खोदून झालेला असतो.

एनके पेशींखेरीज दुसरी टोळी आहे नियामक टी-पेशींची. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या ओळखल्या आणि २०२५चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मेरी ब्रन्कॉव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत मिळालं. इतर प्रतिकारपेशींना लगाम घालणं हे या पेशींचं काम. २००४ साली उंदरांवर झालेला एक प्रयोग फार बोलका आहे. माद्यांमधून या पेशी काढून टाकल्या. नर त्याच वंशाचा असेल तर पिल्लं नीट झाली, दुसऱ्या वंशाचा असेल तर गर्भ टिकले नाहीत. बापाचं परकेपण आई खपवून घेते ते या पेशींच्या जोरावर. दुसऱ्या एका गटाने २०१२मध्ये उंदरांतच दाखवलं, की या पेशींना पहिल्या गर्भाची आठवण राहते आणि पुढच्या खेपेला त्या झपाट्याने कामाला लागतात. बीपीचं हे दुखणं पहिलटकरणीला जास्त का होतं, त्याचा एक धागा इथे असावा.

येल विद्यापीठात काम केलेल्या गिल मोर यांनी या साऱ्याची तीन टप्प्यांत मांडणी केली. गर्भ रुजताना अस्तराला जखमच होत असते, म्हणून तो काळ दाहाचा. मधले महिने शांततेचे. लगाम घालणाऱ्या पेशींचं राज्य. आणि शेवटी पुन्हा दाह, कारण कळा यायच्या, पिशवीचं तोंड मऊ पडायचं, वार सुटायची तर दाह हवाच. म्हणजे गर्भारपणात प्रतिकारशक्ती उणी होत नाही, ती वेळापत्रकाने चालते. माझ्या मते या विषयातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी बाकीचं आपोआप उलगडतं.

आजार या वेळापत्रकाप्रमाणे वागतात. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी १९३८ साली नोंदवलं, की संधिवाताने हातपाय वाकडे झालेल्या बायका गरोदर राहिल्या की त्यांचं दुखणं ओसरतं आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतं. शरीरात असं काय तयार होतं, याचा माग काढत ते पुढे कॉर्टिसोनपर्यंत पोचले आणि १९५०चं नोबेल घेऊन गेले. बाळंतपणात वारा लागला म्हणून सांधे धरले, असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगायच्या. त्यातल्या काही जणींना हाच परतलेला संधिवात असणार. याच्या उलट काही संसर्ग गरोदर बाईवर तुटून पडतात. दूषित पाण्यातून पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना सोडून जाते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र तिने मृत्यू येण्याचं प्रमाण १५ ते २५ टक्क्यांपर्यंत गेलेलं भारतात नोंदलं आहे. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत ही साथ येऊन गेली. फ्लूचंही तसंच.

करोनाच्या पहिल्या लाटेत महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने मिळून ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही चालवली. बाकीचं जग भांबावलेलं असताना आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी ४,२०३ बाधित गरोदर बायकांची माहिती शिस्तीत लिहून ठेवली. सर्वांत जास्त दिसलेली गुंतागुंत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची होती, १६.३ टक्के. ही मोठ्या रुग्णालयांत आलेल्या बायकांची नोंद आहे, तेव्हा हा आकडा राज्याच्या सरासरीशी सरळ ताडून पाहता येत नाही. तरी त्याची दखल घ्यावीच लागते.

आता कळांकडे. बाळंतपण सुरू कोण करतं, आई की बाळ? उंदरांत तरी बाळाचा वाटा दिसतो. फुप्फुसं तयार होत आली की ती एक प्रथिन गर्भजलात सोडतात. त्याने चेतलेल्या बाळाच्या भक्षक पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथे दाह पेटतो. कॅरोल मेंडेल्सन यांच्या गटाने २००४ साली हे दाखवलं. श्वास घ्यायला मी तयार आहे, असा जणू निरोपच. माणसात साखळी याहून गुंतागुंतीची आहे, पण शेवटची कडी तीच: प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पकड ढिली पडते, इंटरल्यूकिनसारखे दाहाचे रेणू वाढतात, प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, स्नायू आवळू लागतात, पिशवीच्या तोंडाशी पांढऱ्या पेशी जमून तिथला चिवट धागा सैल करतात. सदतिसाव्या आठवड्यानंतर हे झालं की आपण पेढे वाटतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालं की धावाधाव. यंत्रणा दोन्हीकडे जवळजवळ एकच, फक्त वेळ चुकलेली.

ती वेळ रक्तात वाचता येईल का? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने २०१७ साली तो प्रयत्न केला. १८ गरोदर बायकांचं रक्त वेळोवेळी घेतलं, प्रत्येक प्रतिकारपेशीला धातूचे कण चिकटवलेली प्रतिपिंडं लावून एकेका पेशीचे डझनावारी गुणधर्म मोजले आणि संगणकाला त्यातून क्रम शोधायला लावला. नुसत्या पेशींच्या वागणुकीवरून कितवा आठवडा चालू आहे हे बऱ्यापैकी सांगता आलं. आणखी दहा बायकांवर ताळा करून पाहिला, तोही जुळला. २०२१मध्ये त्याच विद्यापीठातून आलेल्या अभ्यासात ६३ बायकांच्या शेवटच्या शंभर दिवसांचा माग घेतला. कळा सुरू होण्याच्या दोन ते चार आठवडे आधी रक्तातलं चित्र पालटतं, असं त्यात दिसलं. मधल्या काळात, २०१८ साली, रक्तात तरंगणाऱ्या आरएनएच्या तुकड्यांवरून अकाली प्रसूतीचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न अमेरिकेतल्या बायकांवर झाला.

वर्तमानपत्रांत याच्या बातम्या ‘आता एका रक्तचाचणीत कळणार’ अशा थाटात येतात. अठरा, दहा, त्रेसष्ट हे आकडे पाहा आणि मग बातमी वाचा. विज्ञान उत्तम आहे, दवाखान्यात अजून आलेलं नाही. शिवाय आपल्या बायकांचं रक्तक्षयाचं प्रमाण, त्यांचे संसर्ग, त्यांचा आहार वेगळा. म्हणून गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात २०१५पासून चालू असलेला ‘गर्भिणी’ हा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. फरिदाबादची टीएचएसटीआय ही संस्था तो चालवते आणि हजारो बायकांच्या रक्ताचे नमुने, सोनोग्राफी, बाळंतपणाचे तपशील त्यात गोळा झाले आहेत. आपलं वेळापत्रक तिथूनच कळेल.

वेळ चुकते कशाने? इथे एकच उत्तर शोधणाऱ्यांचा नेहमी पराभव झाला आहे. प्रसूतिशास्त्रातले संशोधक रॉबेर्तो रोमेरो यांनी उभी हयात यात घालवून एवढंच ठामपणे सांगितलं, की अकाली कळा हा एक आजार नाही. अनेक कारणांनी एकाच दारातून बाहेर पडणारी ती लक्षणं आहेत. सुमारे चौथ्या हिश्शाच्या प्रसंगांत योनिमार्गातून वर चढलेले जंतू गर्भजलापर्यंत पोचलेले असतात. बाईला ताप नसतो, दुखत नसतं. आत मात्र आईची आणि बाळाचीही प्रतिकारयंत्रणा खवळलेली असते. बाळाच्या नाळेच्या रक्तात दाहाचे रेणू वाढलेले दिसतात आणि तो दाह कोवळ्या मेंदूला, फुप्फुसांना जाळतो. इतर प्रसंगांत जंतू सापडतच नाहीत, तरी दाह असतो: ताणलेलं गर्भाशय, जुळी, रक्तस्राव, रक्तपुरवठा कमी पडलेली वार, किंवा बापाकडून आलेलं परकेपण खपवून घेण्याचा करार मोडलेला.

जंतू आहेत ना, मग अँटिबायोटिक द्या, हे कोणालाही सुचेल. ब्रिटनमध्ये तसं देऊन पाहिलं. ‘ओरॅकल’ या चाचणीच्या दुसऱ्या भागात पाणी न गेलेल्या, पण अकाली कळा आलेल्या हजारो बायकांना अँटिबायोटिक दिलं. २००१ साली निकाल आला: बाळांना फायदा नाही. २००८मध्ये तीच मुलं सात वर्षांची झाल्यावर तपासली, तर अँटिबायोटिक मिळालेल्या गटात मेंदूच्या पक्षाघाताचं, ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात, प्रमाण वाढलेलं. पाणी आधीच गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे योग्य अँटिबायोटिकचा उपयोग होतो. हिरड्यांच्या सुजेचंही असंच झालं. १९९६ साली तिचा अकाली प्रसूतीशी संबंध दिसला, गाजावाजा झाला. २००६मध्ये गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करून पाहिले, हिरड्या सुधारल्या, अकाली प्रसूती तेवढीच राहिली. प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन अमेरिकेत २०११ साली मंजूर झालं, २०१९च्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरलं आणि २०२३मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. (पिशवीचं तोंड आखूड झालेल्या बाईला योनिमार्गे दिलं जाणारं प्रोजेस्टेरॉन वेगळं, त्याला आधार आहे.)

हे सगळं सांगायचं कारण आपल्या शहरांत चाललेला धंदा. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी टोचायच्या, म्हणजे तिचं शरीर त्याला ‘ओळखू’ लागेल, अशी एक उपचारपद्धत होती. १९९९ साली कॅरोल ओबर या संशोधिकेने घेतलेल्या तिच्या रीतसर चाचणीचा निकाल आला. उपचार घेतलेल्यांत ३६ टक्के जणींचं गर्भारपण टिकलं, न घेतलेल्यांत ४८ टक्के. अमेरिकेत त्यानंतर संशोधनाबाहेर तिच्यावर बंदी आली. आपल्याकडे ती अजून विकली जाते, महागड्या दराने, आणि घेणारी बाई दोन-तीन गर्भ गमावून आलेली असते. दंडातल्या रक्तातून एनके पेशी मोजून देणाऱ्या चाचण्याही आहेत. गर्भाशयातल्या एनके पेशी वेगळ्या, हे वर आलंच. दंडातल्या मोजून काय हाती लागणार? आणि सातव्या महिन्यात ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे देणाऱ्यांना तर विचारायला हवं: ज्या काळात लगाम घट्ट राहायला हवा, त्या काळात नेमकं काय वाढवताय?

नागपूर-बेळगावचं आणखी एक काम या संदर्भात सांगितलंच पाहिजे. अकाली कळा आल्या तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ साली ते सिद्ध केलं. खेड्यापाड्यांत सर्रास द्यायला सांगितलं तर? सहा देशांत तशी चाचणी झाली, त्यात भारतातली केंद्रं हीच दोन. पुष्कळ ठिकाणी दिवसांचा हिशेब नव्हता, म्हणून पोटाची उंची मोजायला रंगीत पट्ट्यांची टेप वापरली. निकालाने सगळेच हादरले: लहान बाळं त्याने जास्त वाचली नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बायकांचे दिवस प्रत्यक्षात भरत आले होते. त्यांच्या बाळांना औषधाची गरजच नव्हती. मग जागतिक आरोग्य संघटनेने दुसरी चाचणी घेतली, तिचा निकाल २०२०मध्ये आला, पण या वेळी सोनोग्राफीने दिवस पक्के केलेले, नवजात बाळांची सोय असलेली रुग्णालयं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६वर आले. मधे फरक पडला तो तारखेचा आणि जागेचा.

‘शेवटची पाळी कधी आली होती?’ या प्रश्नाला गावात उत्तर येतं ते सणावरून: संक्रांतीच्या आधी, पोळ्याच्या सुमारास. बाराव्या आठवड्याच्या आत केलेली एक सोनोग्राफी हा घोळ पाच-सात दिवसांच्या फरकापर्यंत आणते. उशिरा केली तर चूक दोन-तीन आठवड्यांची होते, आणि मग ३३ आठवड्यांची बाई ३६ची ठरते. इथल्या सगळ्या संशोधनाचा पाया ही एक तारीख आहे.

एवढं करूनही बाळ लवकर आलंच तर? कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, चपला बाहेर काढून, कोपरापर्यंत हात धुऊन आत जावं लागतं. वॉर्मरखाली सव्वा किलोचं बाळ, त्वचेतून शिरा दिसताहेत, नाकाला बारीक नळ्या, टाचेला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा. बाहेर बाप औषधांची चिठ्ठी घेऊन उभा. नातेवाइकांना ‘काचेच्या पेटी’ची भीती असते, डॉक्टरांना जंतूंची. आईची तयार प्रतिपिंडं बाळाकडे वारेतून जातात, आणि त्यातली सर्वांत मोठी आवक शेवटच्या चार आठवड्यांत होते. दिवस भरलेल्या बाळाकडे ती आईपेक्षाही किंचित जास्त असतात. तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाकडे निम्म्याच्या आसपास. उरलेलं अंतर आईच्या दुधाने थोडंफार भरून निघतं. म्हणून त्या वॉर्डात वाटीत काढलेलं दहा मिलिलिटर दूध औषधाइतकं जपतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली ती याच निकडीतून. आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवणं, कांगारू पद्धत: दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांत २०२१ साली आलेल्या निकालात जन्मल्याबरोबर ती सुरू केली तर मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. संसर्गही कमी झाला.

सातव्या महिन्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही, हा समज अजून पुसला गेलेला नाही. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं असं आयुर्वेदाच्या संहिता सांगतात. जुन्या ग्रीकांचाही असाच समज होता. हा समज सरळ चुकीचा आहे. आत काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो, आठव्यातलं बाळ सातव्यातल्याहून जास्त जगतं. ‘आता काही खरं नाही’ म्हणून आठव्यातल्या बाळाला मोठ्या दवाखान्यात न नेणाऱ्यांनी हे ऐकावं.

दिवाळी उरकली की बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या गाड्या भरून कारखान्यांकडे निघतात. कोयत्याच्या जोडीत बाई असतेच, आणि त्यातल्या कित्येक जणी दोन-तीन महिन्यांच्या गरोदर असतात. गावची आशाताई मागे राहते, फडावरच्या आरोग्य केंद्राला ही बाई कोण ते माहीत नसतं, आणि नेमका तो काळ वारेकडच्या धमन्या रुंद होण्याचा असतो. तुमच्या गावातून टोळी निघत असेल, तुम्ही मुकादम असाल, कारखान्याच्या शेतकी खात्यात असाल, शिक्षक असाल, तर एवढं करा: गाडीत बसण्याआधी तिचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आहे ना पाहा, पहिली सोनोग्राफी झाली का विचारा, बीपी आणि लघवी तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत तज्ज्ञांकडून तपासणी फुकट असते. त्या दिवशी तिचा खाडा धरून पैसे कापू नका. अ‍ॅस्पिरिन डॉक्टरने सांगितली तरच, मनाने नाही. आणि ३७ आठवड्यांच्या आत कंबर धरून येत असेल, पोट वरचेवर कडक होत असेल, पाणी जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि लहान बाळांचा वॉर्ड असलेल्या रुग्णालयातच न्या.